चाळीच्या तुळईतून घडवलेली खुर्ची

तुळई

गिरगावातली आमची चाळ दोन वर्षांपूर्वी पुनर्विकासाला गेली. पाडकामाच्या आधी मी मुकादमाला गाठून आमच्या खोलीच्या डोक्यावरची सागाची तुळई मागितली. जुन्या चाळींतलं सागवान कुणी फुकट सोडत नाही, घनफुटाच्या भावाने पैसे मोजूनच ती मिळाली. नऊ फूट लांब, आठ इंच बाय सहा इंच, म्हणजे तीन घनफूट. याच तुळईच्या कडीला माझा आणि भावाचा पाळणा टांगला होता. घेण्याचं कारण तेवढंच होतं, तिचं पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं.

ठरलं ते आईमुळे. त्यानंतर चारेक महिन्यांनी तिचा उजवा गुडघा बदलला. चालणं लवकर जमलं, पण खुर्चीतून उठणं जमेना. दुकानातून आणलेल्या खुर्चीचे हात सपाट आणि आखूड. जोर द्यायला तिची मूठ पुढे सरकायची आणि तिथे नेमका खुर्चीचा हात संपलेला असायचा. मग ती टेबलाची कड धरायची. तिच्या बोटांचे सांधेही आखडलेत, सपाट पट्टीवर तिला पकड मिळत नाही.

तेव्हा ठरवलं की या तुळईची खुर्ची करायची. पट्ट्या कापून जोडलेली नको, मूर्ती घडवतात तशी लाकूड काढत काढत, आईच्या अंगाला बसेल अशी.

मला सुतारकाम येत नव्हतं. वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका आहेत, मूळचे कुडाळचे, वसई पूर्वेला त्यांचा गाळा आहे. त्यांनी एक कोपरा दिला. आम्ही सध्या बोरिवलीत भाड्याने राहतो, तिथून दर रविवारी जायचे. नोव्हेंबरात सुरुवात केली ती एक जानेवारी जाऊन त्याच्या पुढच्या जानेवारीत संपली, चौदा महिने.

पहिले दोन रविवार खिळे काढण्यात गेले. लोहचुंबक फिरवत फिरवत एकेचाळीस निघाले. एक राहिला होता, तो रंध्याच्या पात्याला सापडला आणि पात्याला खोक पडली. वर काजळी, चुना आणि तेलकट रंगाचे तीन थर होते. रंधा फिरल्यावर आत मधासारखा रंग, आणि सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास. इतकी वर्षं छताखाली राहूनही वास गेला नव्हता. मी एक ढलपी आईसाठी घरी नेली, ती अजून तिच्या कपाटात आहे.

मग मापं. आईला स्टुलावर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर बसवलं आणि एकेक गठ्ठा काढत, घालत गेले. तिला कुणाच्या मदतीशिवाय उठता आलं ती उंची साडेसतरा इंच. ती ठेंगणी आहे, त्यामुळे याहून उंच केलं तर पाय जमिनीला टेकत नव्हते.

मूठ कशी घ्यायची हे मात्र सुचत नव्हतं. गणपतीचा शाडू घरात उरला होता. दोन फळ्या टेबलाला दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने आवळल्या, त्यांच्या टोकांना शाडूचे गोळे लावले आणि आईला त्यांच्यावर जोर देऊन उठायला सांगितलं. तीनदा. मातीत जो आकार उठला तो मी कागदावर कधीच काढू शकले नसते. तळव्याखाली रुंद आणि जवळजवळ सपाट, अंगठ्याकडे खोल, करंगळीकडे नुसती उतार घेतलेली. आईने गोळा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "हा तर वरवंटा आहे." खरंच होता. चाळीस वर्षं ज्या हाताने वरवंटा धरला त्याने माती तशीच दाबली होती.

उरलेली खुर्ची या दोन मुठींपासून मागे जात ठरली. मूठ कुठे हवी, तिथून कोपर कुठे येतं, कोपरापासून पाठ कुठे टेकते.

कामाचा क्रम काकांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तो मोडायचा नाही अशी ताकीद दिली होती: लाकूड चौकोनी आहे तोवर सगळे सांधे करून घ्यायचे. गोलाई आली की गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, टेकवायला सपाट जागा उरत नाही. म्हणून पहिले सहा महिने ही खुर्ची अगदी ओबडधोबड, खोक्यासारखी दिसत होती. पाय सीटच्या कोपऱ्यात बसतात तिथे सीटला खाच आहे, पायालाही खाच आहे, दोन्ही एकमेकांत अडकतात. अमेरिकेतले फर्निचर-कारागीर सॅम मालूफ हा सांधा वापरत आणि तो त्यांच्या नावानेच ओळखला जातो. आकार देताना तो सांधा बाहेरून गोल करत नेला की पाय सीटमधूनच फुटल्यासारखा दिसतो. साग तेलकट असल्याने चिकटवण्याआधी सांध्याच्या दोन्ही बाजू थिनरने पुसून घेतल्या.

सीटसाठी चार फळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या, पावणेदोन इंच जाडीच्या. खोलगट भाग आधी वाकसाने (आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीने), मग गोल पटाशीने, मग कानशीने. सगळ्यात खोल जागी पाऊण इंच. शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्याने तासलं. काचेची धार धरायला शिकले तेव्हा पॉलिश पेपर जवळजवळ लागेनासा झाला.

दोन चुका सांगते, कारण त्यांनी माझे चार महिने खाल्ले.

पहिली: खुर्चीचा उजवा हात मी एका सरळ फळीतून वळणदार कापला. दिसायला सुरेख होता. काकांनी तो हातात घेतला, गुडघ्यावर टेकवून थोडा दाबला, आणि वळणाच्या जागी तो बिस्किटासारखा तुटला. ते काहीच बोलले नाहीत. मी त्या रविवारी लवकर घरी गेले.

दुसरी: सीटखाली मजबुतीसाठी आडवी पट्टी घातली, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून. हे मार्चमध्ये. जुलैत सीटचा मधला भाग वर उचलला गेला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा दोन फळ्यांमधला सांधा उघडला.

खुर्ची आता घरात आहे. वजन नऊ किलो. इथे अशा पद्धतीने लाकूड घडवणारं आणखी कुणी आहे का? विशेषतः वळणदार भागांबद्दल बोलायचंय. तुळईचा चार फुटांचा तुकडा अजून उरलाय.

चौथा_मजला

वाचून गळा दाटला. वरवंट्याचं वाचलं आणि मला आजीचा हात दिसला.

हत्यारं कुठून घेतलीत? आणि हे घरात करता येईल का, की गाळा लागतोच?

तुळई

नवीन पटाश्या नागदेवी स्ट्रीटला घेतल्या. रंधा चोर बाजारात, जुना, पातं चांगल्या पोलादाचं. घासायला दगड लागतोच. मी पहिला महिनाभर नुसती धार लावायला शिकले असं म्हटलं तरी चालेल. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो, ती सटकते, आणि हात धारदार पटाशीपेक्षा बोथट पटाशीनेच जास्त कापले जातात.

घरात कानस, काच, पॉलिश पेपर हे शेवटचं काम होतं. मी मुठी घरीच घासल्या, बाल्कनीत, म्हणजे आईला पुन्हा पुन्हा धरून बघता आल्या. ठोकाठोकी मात्र सोसायटीत नको, खालच्या मजल्याला फार त्रास होतो. आणि मास्क लावाच. लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग होऊ शकतो. मी सुरुवातीला ओढणी बांधून काम करायचे, ते अजिबात पुरेसं नाही.

सुतारपुत्र

ताई, तुमचा हात जिथे तुटला तिथेच या सगळ्या कामाचं मर्म आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे वडील कराडजवळच्या गावात नांगर, कुळव आणि बैलगाडीची चाकं करत. मी स्वतः नोकरी केली, पण वीस वर्षं त्यांच्या हाताखाली उभा राहिलोय.

लाकूड म्हणजे केरसुणीच्या हिरांची जुडी समजा. हीर लांबीच्या दिशेने ओढून तोडा, तुटत नाही. पण दोन हिरांमधली पकड कमजोर असते. सरळ फळीतून वळण कापलंत की वळणाच्या जागी हीर आडवे कापले जातात आणि तेवढ्या भागात लाकूड फक्त त्या कमजोर पकडीवर उभं राहतं. फळी कितीही जुन्या, कितीही उत्तम सागाची असो.

म्हणून आमच्याकडे नांगराला बाभळीचं लाकूड शोधत ते मुळातच बाक असलेलं. वडील झाड बघायला जात तेव्हा खोड बघत नसत, फांदी खोडाला कुठे आणि कशी मिळते ते बघत. तिथे हीरच वळलेले असतात, वळण कापावं लागत नाही. लाकडी जहाजं बांधणारेही कोपऱ्यांच्या आधारासाठी असेच नैसर्गिक बाक शोधून आणत. आपल्या मुंबईच्या गोदीत हे काम पिढ्यान्पिढ्या चाललं. वाडियांनी इथे मलबारी सागातून बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. साग काय चीज आहे ते त्यावरून कळतं.

बाक मिळाला नाही तर दुसरी वाट चाकाची. चाकाचा घेर एका लाकडात कधी काढत नाहीत. लहान लहान तुकडे, आम्ही त्यांना पुठे म्हणतो, असे कापायचे की प्रत्येक तुकड्यात हीर शक्य तितके घेराबरोबर जातील, मग ते जोडायचे आणि वरून लोखंडी धाव चढवायची. तुमच्या खुर्चीचा हात दोन-तीन तुकड्यांत जोडला असता तरी तो टिकला असता.

तिसरी वाट पातळ पट्ट्यांची. आठवा भाग इंचाच्या पट्ट्या साच्यावर वाकवून एकमेकींना चिकटवायच्या. प्रत्येक पट्टीत हीर अखंड राहतात. चौथी वाफेची, पण ती शंभर वर्षं सुकलेल्या सागाला लागू नाही, तो वाफेला दाद देत नाही, मोडतो.

एक साधी परीक्षा. लाकडाचा छोटा तुकडा करवतीने कापू नका, वाकसाने फाडा. फाडलं की लाकूड स्वतःच्या रेषेने फाटतं आणि रेषा कुठे चाललीय ते दिसतं. करवत ते लपवते.

तुळई

काका, हे मी दहा महिने आधी वाचायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी पट्ट्याच चिकटवल्या, सात. साचा करायला दोन रविवार, पण हात आता असा आहे की आई पूर्ण वजन टाकते. शेवटची मूठ तेवढी ठोकळ्यातून घडवून पुढे जोडली. आणि नांगराचं अगदी तसंच आमचे मिस्त्रीकाका म्हणाले होते, हात तुटल्याच्या पुढच्या रविवारी: "वाकडा लाकूड कोण घेना नाय, पण नांगराक ताच लागता." तेव्हा मला वाटलं ते माझी समजूत काढतायत. ते मला उत्तर देत होते.

रेघोटी

मी डिझाइन शिकवते. मुंबईत शिसवीच्या कोरीव फर्निचरची मोठी परंपरा होती, एकोणिसाव्या शतकात ते परदेशात 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून ओळखलं जायचं. वेली, फुलं, पक्षी, जाळी, एक इंचही मोकळा नाही. ते कौशल्य थक्क करणारं आहे, पण त्यात खुर्चीचा सांगाडा साधा असतो आणि कोरीवकाम त्याच्या अंगावर असतं. इथे खुर्चीचं अंगच कोरलेलं आहे. या दोन गोष्टी विद्यार्थी नेहमी एकच समजतात.

दुसऱ्या प्रकारचं काम विसाव्या शतकात अमेरिकेत फार जोमाने झालं. व्हार्टन एशेरिक मूळचे चित्रकार, ते फर्निचरकडे वळले आणि त्यांचा १९३० चा वळणदार लाकडी जिना आजही बघायला लोक जातात. मालूफचं नाव वर आलंच. १९८५ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, हा मान मिळालेले ते पहिले लाकूडकारागीर. ते कित्येक भाग रेखाटनाशिवाय थेट बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या यंत्रकरवतीवर, हाताने फिरवून कापत.

तुमच्या उरलेल्या चार फुटांसाठी मला अमेरिकेतलेच फर्निचर-कारागीर वेंडेल कॅसल आठवतात. त्यांनी १९६० च्या दशकात फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून मोठा ठोकळा करायचा आणि मग तो शिल्पासारखा कोरायचा ही पद्धत वापरली. मोठा ओंडका नसला तरी लहान फळ्यांतून हवा तो घनाकार मिळतो. मुंबईत पाडलेल्या चाळींतून लहान तुकडेच जास्त येतात, त्यांना ही पद्धत फार उपयोगाची आहे. फक्त सगळ्या थरांची रेषा एकाच दिशेला ठेवा. एक थर उभा, एक आडवा केलात तर तुमच्या सीटचं जे झालं तेच प्रत्येक थराचं होईल.

आणि वाफेबद्दल: धोबीतलावला कयानीत जाऊन खुर्च्या बघा. इराणी हॉटेलांतल्या त्या गोल पाठीच्या खुर्च्यांचं मूळ व्हिएन्नाचे मिखाएल थोनेट. त्यांची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची, बीच या युरोपातल्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून केलेली. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. तिथे वळण एकदाही कापलेलं नाही, सगळं वाकवलेलं. सुतारपुत्र म्हणतात ते डोळ्यांनी बघायचं असेल तर चहा घेत बघता येईल.

साधी_बैठक

कामाबद्दल आदर आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. साग घनफुटाला साधारण साडेअठरा किलो भरतो. तुम्ही पाच फूट तुळई वापरलीत, म्हणजे तीस-एकतीस किलो. खुर्ची नऊ किलोची. दोन तृतीयांशापेक्षा जास्त लाकूड भुसा आणि ढलप्या झालं. शंभर वर्षं जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या सागाचं. चौकोनी पट्ट्यांची साधी खुर्ची केली असती तर त्याच लाकडात दोन झाल्या असत्या, आणि हात लांब केले असते तर आईंनाही चाललं असतं. आपल्याकडे साधेपणालाही परंपरा आहे. पाट बघा, एक फळी आणि दोन आडव्या पट्ट्या, आयुष्यभर पुरतो.

तुळई

हा प्रश्न मला कामाच्या मधेच पडला होता, त्यामुळे टाळत नाही.

तुमचा हिशोब बरोबर आहे. त्यातला मोठा वाटा त्या तुटलेल्या हाताचा आणि पट्ट्या चिरताना करवतीत गेलेल्या लाकडाचा. सीट खोलगट केल्याने गेलं ते त्या मानाने थोडं. म्हणजे नासाडीचं खापर आकारावर कमी आणि माझ्या शिकण्यावर जास्त. पुढच्या खुर्चीत ती निम्म्यावर येईल असं काका म्हणतात.

पण "हात लांब केले असते तर चाललं असतं" हे मला मान्य नाही. मी करून पाहिलंय. शाडूच्या आधी मी लांब सपाट पट्टी बांधून आईला उठवलं होतं. ती उठली, पण मनगट बाहेरच्या बाजूला वळत होतं आणि दुसऱ्या दिवशी दुखलं. गोल दांडी बांधली, तर आखडलेली बोटं तिच्याभोवती पूर्ण मिटत नव्हती. शाडूच्या आकारावर मनगट सरळ राहिलं. वळण शोभेसाठी असतं तर मी तुमच्याच बाजूने बोलले असते. पाठीच्या वरच्या पट्टीला मी एक छानशी लाट दिली होती, ती आईच्या मानेला लागत होती, काढून टाकली.

ढलप्यांतल्या मोठ्या तुकड्यांचे चमचे आणि भिंतीतल्या खुंट्या केल्या. चाळीतल्या सात बिऱ्हाडांना एकेक खुंटी दिली.

साधी_बैठक

मनगटाचं लक्षात आलं नव्हतं. मग आकार हवाच होता, हे मान्य. लाकूड कमी जाईल असा मार्ग मात्र पुढच्या वेळी आधी शोधा, एवढाच आग्रह.

वॉकर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही न सांगता तीन गोष्टी बरोबर केल्यात. उंची, हात सीटच्या पुढच्या कडेपर्यंत आणणं, आणि मूठ. चौथी विचारते: पुढच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी खाली आहे का? उठताना पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यावी लागतात, तेव्हाच वजन पुढे येतं. खाली पट्टी असली की टाचा तिला अडतात. पुष्कळ भक्कम खुर्च्या एवढ्यामुळेच म्हाताऱ्या माणसांना निरुपयोगी होतात. आणि सीट मागे फार उतरती नसावी.

तुळई

पट्टी नाही. कोपऱ्याचा सांधाच इतका घट्ट आहे की तिची गरज पडली नाही. उतार पुढून मागे अर्धा इंच. हे कारण मला ठाऊक नव्हतं, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर पुढच्या खुर्चीत पट्टी घालून बसले असते.

पाऊसवेळ

सीट फुगली ते समजलं नाही. लाकूड शंभर वर्षं सुकलेलं असताना?

सुतारपुत्र

सुकलेलं लाकूडही हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, ते कधी थांबत नाही. मुंबईत उन्हाळ्याच्या तोंडाशी लाकडात अकरा टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर ऐन पावसाळ्यात तो सोळा-सतरावर जातो. साग मुळात कमी हलणारा, तरी दर एक टक्क्याला रुंदीत साधारण ०.२ टक्के धरा. अठरा इंचांची सीट, पाच टक्के फरक, म्हणजे साडेचार मिलिमीटर. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही. आडव्या पट्टीची लांबी सीटच्या रुंदीला बांधून टाकली की एक वाढू बघतं, दुसरं सोडत नाही.

पट्टी घालायचीच असेल तर गोंद नको, फक्त स्क्रू, आणि पट्टीतली भोकं लांबट. जुन्या घरांच्या दारांत फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसवलेली असते, ती याचसाठी.

तुळई

पट्टी काढूनच टाकली. सांधा उघडून, पुन्हा रंधून, पुन्हा चिकटवला.

पाऊसवेळ

आणखी एक. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत गेल्या पावसात विलायती शिरीष पडला. ओंडका कंपाउंडमध्ये पडून आहे, सव्वा दोन फूट व्यासाचा. त्याचं काही होईल का?

सुतारपुत्र

आधी सोसायटीने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून कागद नीट करून घ्यावेत, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली हे सगळं येतं. मग उशीर करू नका. ओंडका जमिनीवर पडून राहिला की वाळवी आणि भुंगे लागतात. फळ्या चिरून घ्या, मधला गाभ्याचा ठिपका ज्या फळीत येईल ती बाजूला काढा, तडा तिथूनच जातो. टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण फासा, कारण टोकांतून ओलावा भराभर जातो आणि टोकं फाटतात. फळ्यांमध्ये एकसारख्या पट्ट्या घालून सावलीत, हवेशीर रचा. इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशोब. शिरिषाचं लाकूड हलकं, तपकिरी, रेषा नागमोडी. कोरायला मऊ, पण रेषा मधेच उलटते, तिथे पटाशी अलगद चालवा.

चौथा_मजला

शेवटी काय लावलंत, पॉलिश की तेल?

तुळई

काकांचा आग्रह चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा होता, आणि चपड्याला झळाळी येते हे खरंच. पण त्यावर पाणी राहिलं की पांढरा डाग पडतो आणि गरम कपाने वळ उठतो. आई खुर्चीत बसूनच चहा घेते. शिवाय मुठीवर मला थर नको होता, हाताला लाकूड लागायला हवं होतं. म्हणून उकळलेलं अळशीचं तेल, पातळ हात, पाच वेळा, प्रत्येक वेळी जादा तेल पुसून. वर मधमाश्यांचं मेण. पावसाळ्यात हे तेल वाळता वाळत नाही, डिसेंबरात केलं तर सोपं जातं.

तेलवात

एक कळकळीची सूचना. अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असलं की ती निघून जाते, बोळ्यात साठते आणि फडकं आपोआप पेट घेतं. आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये रात्री असंच पेटलं होतं, भुश्याच्या पोत्याशेजारी. फडकी दोरीवर मोकळी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

तुळई

हे मी पाळलं नव्हतं. आजच काकांना फोन करून सांगते.

रेघोटी

आई काय म्हणाल्या ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

तुळई

पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही. बसली, उठली, पुन्हा बसली. मग दोन्ही मुठींवर बराच वेळ हात फिरवत राहिली आणि विचारलं, कडी कुठे होती? तुळईतली कडीची जागा मी सीटच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली होती, भोकात त्याच लाकडाची खुंटी ठोकून. दाखवली. तिने तिथे बोट ठेवलं.

आता रोज संध्याकाळी तिथेच बसते. काल म्हणाली, डावी मूठ करंगळीकडे जरा जाड लागतेय. धरून पाहिलं, बरोबर आहे, केसभर. शाडूचे गोळे जपून ठेवलेत, डावा काढून ताडून बघितला, चूक माझीच. रविवारी काच घेऊन बसणार आहे.